साताऱ्यातून हिमनदीच्या धोंड्यांपर्यंत : नवशिक्यांसाठी टप्प्याटप्प्याने

साताऱ्यात धोंड्यांना तोटा नाही. यवतेश्वरचा घाट चढून कासकडे जाताना, पाटणच्या ओढ्यांत, पाचगणीच्या टेबललँडच्या कडेखाली, जिकडे पाहाल तिकडे खोलीएवढे, कधी घराएवढे दगड पडलेले दिसतात. शाळेत हिमनदीचा धडा झालेला असतो, परदेशातल्या एखाद्या हिरव्या माळावर एकटाच बसलेला अजस्र धोंडा फोटोत पाहिलेला असतो, आणि मग आपल्या गावच्या धोंड्याकडे बघून प्रश्न पडतो की हाही बर्फानेच आणला असेल का. नवीन मुलं आणि नवीन ट्रेकर नेमका हाच प्रश्न घेऊन येतात, म्हणून सगळं एकदा क्रमाने लिहून ठेवते आहे.

उत्तर आधीच सांगते. सातारा-सांगलीत हिमनदीने आणून टाकलेला धोंडा तुम्हाला सापडणार नाही. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी शेवटच्या हिमयुगाचा कडाका सर्वांत जास्त होता, तेव्हाही भारतातल्या हिमनद्या हिमालयातच होत्या. महाबळेश्वरचा सगळ्यात उंच माथा १,४३९ मीटरचा, आणि तोही विषुववृत्तापासून जेमतेम १८ अंशांवर. तिथे वर्षानुवर्षं न वितळता बर्फ साचून त्याची नदी होणं शक्य नव्हतं.

तरीही हे शिकायला सुरुवात साताऱ्यातच करा, असं माझं ठाम मत आहे. इथे पायाखाली सगळीकडे एकाच घराण्यातला खडक आहे. त्यामुळे आपला दगड कोणता आणि परका कोणता, हे डोळ्यांना लवकर कळू लागतं. हिमालयात पहिल्याच दिवशी दहा जातींचे दगड समोर येतात आणि नवखा माणूस गांगरून जातो.

हा धोंडा म्हणजे नेमकं काय

हिमनदी म्हणजे स्वतःच्या वजनाने उताराकडे सरकणारा बर्फ. सरकताना ती तळाचे खडक उपटते, शिवाय दोन्ही कडांवरून कोसळणारे दगडही अंगावर घेते. पाणी दगड वाहून नेतं तेव्हा मोठे आधी टाकतं, बारीक पुढे नेतं. बर्फाला असा भेद करता येत नाही. मातीचा कण आणि हजारो टनांची शिळा तो एकाच चालीने नेतो आणि वितळला की जिथल्या तिथे टाकून देतो. म्हणून एखाद्या जागी खालचा खडक एका जातीचा आणि वर बसलेला धोंडा भलत्याच जातीचा, असं दृश्य तयार होतं. त्या भलत्या जातीच्या धोंड्यालाच हिमवाहित शिला म्हणतात.

कॅनडात आल्बर्टा प्रांतातल्या ओकोटोक्स गावाजवळ क्वार्टझाइटची, म्हणजे वाळूच्या खडकापासून झालेल्या टणक दगडाची, अशी एक शिळा आहे. ४१ मीटर लांब, १८ मीटर रुंद, ९ मीटर उंच, वजन सुमारे १६,५०० टन. आजूबाजूला सपाट गवताळ प्रदेश, आणि हा खडक मूळचा रॉकी पर्वतातल्या जॅस्परकडच्या डोंगरांतला. स्वित्झर्लंडमध्ये न्यूशातेल गावाच्या वर चुनखडकाच्या डोंगरावर ग्रॅनाइटची एक मोठी शिळा बसली आहे. तसा ग्रॅनाइट मिळतो तो तिथून शंभर किलोमीटरहून लांब, माँ ब्लांच्या डोंगररांगेत. अशा दगडांमुळेच तिथले लोक बर्फाचा विचार करू लागले. त्याआधी हे दगड महापुराने आणले असं विद्वानही मानत. स्वित्झर्लंडमधले अभियंता इग्नाझ व्हेनेट्झ आणि भूशास्त्रज्ञ जाँ द शार्पांतिये यांनी हिमनद्या पूर्वी खूप पसरलेल्या होत्या असं मांडलं, आणि १८३७ मध्ये न्यूशातेललाच लुई अगासी या निसर्गशास्त्रज्ञाने हिमयुगाची कल्पना सभेपुढे ठेवली.

१. साहित्य जमवा, पण खर्च करू नका

सुरुवातीला लागतं ते थोडंसंच:

- दहापट मोठं दिसणारं भिंग. सोनारकाम किंवा घड्याळदुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात मिळतं.
- साधं होकायंत्र. मोबाइलमधलं चालेल, पण त्याबद्दलची सूचना पुढे आहे.
- पाच मीटरचा टेप, वही, पेन्सिल आणि फोटोत मापासाठी ठेवायला एखादं पेन.
- एक लहान लोहचुंबक, दोऱ्याला बांधलेलं.
- भारतीय सर्वेक्षण विभागाचं स्थलदर्शक पत्रक. सातारा शहर दोन पत्रकांच्या सीमेवर येतं: पश्चिमेचा डोंगराळ भाग ४७ जी मध्ये, पूर्वेचा ४७ के मध्ये. सांगलीवाल्यांनी ४७ एल घ्यावं.
- भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश या संकेतस्थळावरचा आपल्या जिल्ह्याचा खडकांचा नकाशा.

हातोडा मुद्दाम यादीत घेतलेला नाही. नवशिक्याच्या हातात हातोडा आला की तो बघणं सोडतो आणि फोडायला लागतो. ताजा तुकडा हवा असेल तर रस्त्याच्या कापलेल्या कडेखाली किंवा खाणीबाहेर हवे तेवढे पडलेले असतात.

२. आधी पायाखालचा खडक पाठ करा

सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच, आणि लोक नेमका हाच वगळतात. धोंडा डोळ्यांत भरतो, त्यामुळे माणूस थेट धोंड्याकडे जातो. पण तो परका आहे की नाही हे ठरवायचं तर घरचं कोण हे आधी माहीत पाहिजे.

साताऱ्याचा खडक म्हणजे दख्खनचा काळा पाषाण, बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले आणि थिजले, त्यातून सह्याद्रीचा हा पायऱ्यापायऱ्यांचा डोंगर झाला. भूशास्त्रात या थरांच्या वरच्या गटाला वाईचंच नाव आहे. त्यातले अंबेनळी आणि महाबळेश्वर हे थरसमूहही आपल्याच घाटांच्या आणि गावांच्या नावाने जगभर ओळखले जातात.

एक रविवार वाईहून पसरणीच्या घाटाने पाचगणीपर्यंत काढा. सुरक्षित जागी थांबत, रस्त्यासाठी कापलेल्या कडा बघत चला. या गोष्टी वहीत उतरवा:

ताजा तुटलेला पाषाण काळा किंवा करडा, बारीक पोताचा आणि हाताला जड लागतो. भिंगातून काही थरांत पांढुरक्या काड्या दिसतात. ते फेल्स्पार नावाचं खनिज. पण काचेसारखे चमकणारे क्वार्ट्झचे दाणे खडकात विखुरलेले दिसणार नाहीत, आणि चमचमणारा अभ्रकही नाही. ही खूण पक्की लक्षात ठेवा, पुढे फार कामाला येते. काही थर भोकाभोकांचे असतात आणि भोकांत पांढरी, हिरवट खनिजं भरलेली असतात. विहिरी खोदणारे लोक याला मांजऱ्या म्हणतात. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे विटकरी लाल पट्टा दिसतो. एक लाव्हा थिजल्यावर पुढचा येईपर्यंत वरचा भाग कुजून झालेली ती माती, पुढच्या लाव्हाखाली दबलेली. चुंबक दोऱ्याला लटकवून पाषाणाजवळ नेलं तर बऱ्याचदा ते किंचित ओढलं जातं, कारण त्यात मॅग्नेटाइट हे चुंबकी लोहखनिज असतं. आणि म्हणूनच होकायंत्र कातळावर ठेवून दिशा वाचू नका. दोन पावलं मागे सरा, छातीच्या उंचीवर धरा, मग वाचा.

पाचगणीच्या वर पोहोचलात की खडक बदलतो. टेबललँड, कासचा सडा आणि महाबळेश्वरचे माथे यांवर जांभ्याचं झाकण आहे. हा बाहेरून आलेला नाही. पाषाणच लाखो वर्षं पावसात कुजून, विरघळणारं निघून जाऊन, लोह आणि अॅल्युमिनियम मागे राहून जांभा झाला. म्हणजे साताऱ्यात तुम्हाला तीनच ओळखी पक्क्या करायच्या आहेत: काळा पाषाण, मांजऱ्या, जांभा. नदीकाठी गारगोटी, अकीक आणि स्फटिक मिळतील, पण तेही पाषाणाच्या पोकळ्यांतूनच सुटलेले.

कासला जाणार असाल तर सप्टेंबर-ऑक्टोबरचा फुलांचा हंगाम टाळा. तेव्हा आधी नोंदणी करावी लागते, गर्दी असते, आणि सड्यावर वाट सोडून चालायची परवानगी नसते. ते योग्यही आहे. दगड बघायला डिसेंबर ते मार्च चांगला.

३. धोंड्याला पाच प्रश्न विचारा

कुठलाही एकटा धोंडा दिसला की याच क्रमाने जा.

जात कोणती, आणि ती खालच्या कातळाशी जुळते का? जुळत असेल तर तिथेच थांबा. बर्फाने आणलेला धोंडाही खालच्या जातीचा असू शकतो, पण मग ते सिद्ध करायला इतर भरपूर पुरावा लागतो. नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये.

वरून घसरून येऊ शकला असता का? मागे वळून डोंगर बघा. वरच्या कड्यावर तोच खडक असेल आणि धोंड्यापर्यंत सलग उतार असेल, तर उत्तर मिळालं.

पाणी आणू शकलं असतं का? ओढा किती लांब, किती खोल, धोंड्याच्या अंगावर गोलाई आहे का, आजूबाजूचे दगड आकाराप्रमाणे लागलेले आहेत का, हे बघा.

माणूस आणू शकला असता का? हा प्रश्न हसून सोडून देऊ नका. सेंट पीटर्सबर्गमध्ये पीटर राजाच्या अश्वारूढ पुतळ्याखालचा खडक फिनलंडच्या आखातालगतच्या दलदलीत सापडलेला हिमवाहित धोंडाच होता. १७७० च्या सुमारास माणसांनी तो समुद्रापर्यंत ओढत नेला आणि तिथून जहाजाने शहरात आणला.

या चारींना नाही असं उत्तर आलं, तर पाचवा: त्याच परिसरात बर्फाच्या इतर खुणा आहेत का? घासून गुळगुळीत झालेला आणि समांतर ओरखडे उठलेला कातळ, एका बाजूने उतरता आणि दुसऱ्या बाजूने तुटका असलेला उंचवटा म्हणजे मेषशिला, रुंद तळाची यू आकाराची दरी, आणि चिकणमातीपासून शिळेपर्यंत सगळं एकत्र कालवलेला हिमोढ. एकट्या धोंड्यावरून हिमनदी सिद्ध होत नाही. या सोबतच्या खुणा पाहिजेतच.

४. साताऱ्यातले फसवे धोंडे

इथे सावकाश जाऊया, कारण फसगत होते ती याच ठिकाणी.

माळावर सुटे पडलेले गोल गोटे हा सगळ्यात मोठा चकवा. खटाव-माणकडच्या माळांवर, सांगलीच्या आटपाडी-जतकडे, अगदी नदीपासून लांब, घडवल्यासारखे गोल काळे दगड असतात. बघणाऱ्याला वाटतं की पाण्याने किंवा बर्फाने घोळवून आणले. खरं म्हणजे ते जिथे आहेत तिथेच गोल झाले. पाषाणाला उभ्या-आडव्या भेगा असतात, पाणी भेगांतून शिरतं, चौकोनी ठोकळ्याचे कोपरे आधी कुजतात आणि कांद्याच्या पाकळ्यांप्रमाणे एकेक साल सुटत जाते. सालींचा मुरूम होतो, मधला गड्डा टणक राहतो, आणि मुरूम वाहून गेला की गड्डे उघडे पडतात. खात्री करायची तर जवळच रस्त्यासाठी किंवा शेततळ्यासाठी कापलेली कडा शोधा. अर्धवट सुटलेल्या साली, मध्ये काळा गड्डा आणि भोवती पिवळट मुरूम, असं सगळं एका हाताच्या अंतरात दिसतं. एकदा हे पाहिलं की गोल गोट्यांबद्दलचा प्रश्न कायमचा मिटतो.

दुसरे जांभ्याचे ठोकळे. पाचगणी आणि महाबळेश्वरच्या सड्यांच्या कडेला जांभ्याखाली मऊ, चिकट माती असते. पावसाळ्यात ती भिजते, आधार जातो आणि वरचं झाकण मोठ्या ठोकळ्यांनी तुटून उतारावर घसरतं. काही ठोकळे खाली काळ्या पाषाणावर जाऊन बसतात. खालचा दगड काळा आणि वरचा तांबडा, म्हणजे जात वेगळी, म्हणून नवखा माणूस खूश होतो. पण दुसरा प्रश्न विचारा: मान वर केली की तोच जांभा कड्यावर दिसतो.

तिसरी दरड. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत पाटण तालुक्यातल्या आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे इथे डोंगर घसरून माणसं गेली. दरडीने आणलेला ढीगही बर्फाच्या ढिगाप्रमाणे माती-गोटे-शिळा एकत्र कालवलेला असतो, म्हणून तो हिमोढाचा सगळ्यात जवळचा भास देतो. फरक असा की दरडीतले सगळे दगड त्याच उतारावरचे असतात आणि ढिगाच्या वर डोंगराला ओरबाडलेली जखम दिसते. अशा गावांत बघायला जाणार असाल तर आधी गावात जाऊन बोला, मगच वहीपेन्सिल काढा, आणि पावसाळ्यात मुळीच जाऊ नका.

चौथे ओरखडे. समांतर ओरखडे दिसले की लगेच हिमनदी आठवते. साताऱ्यात ते बहुतेक जेसीबीच्या दातांचे असतात. दातांमधलं अंतर ठरलेलं असतं, म्हणून ओरखडे सारख्या अंतराने येतात, एकाच झटक्यात सुरू होतात आणि एकाच ठिकाणी संपतात, आणि खोबणीत दगडाची पांढरट भुकटी दिसते. जुन्या खाणीजवळ पाथरवटांच्या टाकीच्या रेघा आणि पाचरींसाठी ओळीने पाडलेली भोकं मिळतील. बर्फाचे ओरखडे वेगळे: काही खोल, काही केसाएवढे बारीक, ढोबळमानाने एका दिशेने जाणारे पण अधूनमधून एकमेकांना छेदणारे, आणि मधला पृष्ठभाग घासून झिलई आलेला.

पाचवे, माणसाने आणलेले परके दगड. ओढ्यात गुलाबी ग्रॅनाइटचा तुकडा सापडला म्हणून फोन येतात. एक बाजू आरशासारखी गुळगुळीत आहे का ते बघा. स्वयंपाकघराच्या ओट्याचे आणि पायऱ्यांचे उरलेले तुकडे घराच्या बांधकामानंतर ओढ्यातच टाकले जातात. देवळांतही दूरवरून आणलेले दगड असतात.

आणि गावोगावी असतो तो भीमाने भिरकावलेला धोंडा. त्याची गोष्ट गावकऱ्यांकडून नीट ऐका आणि लिहून घ्या. लोकांनाही तो दगड जागेवरचा वाटला नाही, म्हणून गोष्ट तयार झाली, आणि पुष्कळदा त्या निरीक्षणात तथ्य असतं. मात्र शेंदूर लावलेल्या शिळेला हात लावण्याआधी विचारा, आणि तिचा तुकडा काढायचा विचारही नको.

या संदर्भात केदारनाथची भीमशिला हमखास निघते. जून २०१३ च्या प्रलयात देवळाच्या मागे येऊन अडकलेली ती शिळा. ती तिथवर आणली पाणी आणि गाळाच्या लोंढ्याने. वर चोराबारी हिमनदीच्या कडेचं तळं फुटलं होतं. त्या दरीत हिमोढांचा दगडगोटा मुळातच भरपूर साचलेला, पण शेवटचा प्रवास बर्फाने घडवलेला नाही. एकाच दगडाचे दोन वाहक असू शकतात, हे त्यावरून लक्षात ठेवा.

५. महाराष्ट्रातच बर्फाची खूण बघा

हिमालयाआधी जमलं तर चंद्रपूर करा. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी भारत दक्षिण ध्रुवाकडच्या गोंडवन महाखंडाचा भाग होता आणि त्यावर बर्फ पसरलेला होता. त्या बर्फाने टाकलेल्या थराला ओडिशातल्या तालचेरवरून तालचीर नाव मिळालं, आणि १८५६ मध्ये तिथे काम करणाऱ्या भूशास्त्रज्ञांनी हे धोंडे बर्फाचे असावेत असं लिहिलं. तोच थर चंद्रपूर जिल्ह्यात आहे. इरई गावाजवळ तर जुन्या चुनखडकाच्या पृष्ठभागावर बर्फाने घासल्याचे ओरखडे टिकले आहेत.

मग साताऱ्याखाली असा थर नसेल का, असं कुणी विचारतं. आपल्या पायाखालचा पाषाण त्या बर्फानंतर २३ कोटींहून जास्त वर्षांनी आला. त्यामुळे आपल्या पाषाणावर पडलेल्या धोंड्याचा त्या बर्फाशी संबंध लावता येत नाही.

चंद्रपूरला उन्हाळ्यात जाऊ नका, आणि खाणींच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरू नका.

६. हिमालयाची तयारी आणि कागदपत्रं

पहिल्या खेपेला मी हिमाचलमधलं चंद्रा नदीचं खोरं सुचवते, ग्राम्फू ते बातल आणि पुढे चंद्रताल हे तळं. रस्त्यावरूनच जवळजवळ सगळं दिसतं, मोठा ट्रेक करावा लागत नाही. साताऱ्याहून रेल्वेने दिल्ली, तिथून बसने मनाली आणि पुढे स्थानिक जीप. मनालीच्या पुढे ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाल्यापासून लाहौलमध्ये, म्हणजे हे खोरं ज्या भागात आहे तिथे, जाणं सोपं झालं आहे, पण बोगद्यानंतर बातलकडे वळणारा रस्ता कच्चा, दगडधोंड्यांचा आणि ओढे ओलांडत जाणारा आहे. तो साधारण जून ते ऑक्टोबर एवढाच उघडा असतो. जुलै-ऑगस्टमध्ये नाल्यांना पाणी चढतं, म्हणून सप्टेंबर उत्तम.

सोबत ठेवा:

- आधार कार्ड आणि दोन छायाप्रती.
- स्वतःची गाडी असेल तर नोंदणीपत्र, विमा, पीयूसी, परवाना.
- रोहतांग खिंडीवरून जायचं असेल तरच त्याचा ऑनलाइन परवाना. बोगद्यातून गेल्यास लागत नाही.
- डॉक्टरांचं तपासणी प्रमाणपत्र, विशेषतः दमा, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी.
- कॉलेजचा गट असेल तर प्राचार्यांचं पत्र, सगळ्यांची नावं आणि घरचे फोन नंबर.

उंचीची बाब गांभीर्याने घ्या. मनाली सुमारे २,००० मीटरवर, बातल ४,००० च्या आसपास, चंद्रताल त्याहूनही वर. साताऱ्याचा माणूस ७०० मीटरवर राहतो. अजिंक्यतारा रोज चढत असलात तरी विरळ हवेची सवय त्याने होत नाही. लाहौलमधल्या सिस्सू किंवा केलाँगला दोन रात्री काढा, मग वर जा. डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना जाणं ही लक्षणं दिसली तर त्याच दिवशी खाली उतरा. गोळ्या घ्यायच्या तर साताऱ्यातच डॉक्टरांना विचारून. बातलला मोबाइलच्या नेटवर्कवर विसंबू नका.

७. चंद्रा खोऱ्यात काय बघायचं

पहिली दुपार फक्त खालचा खडक बघण्यात घालवा. बातलच्या आसपास पायाखाली स्लेट आणि फिलाइट आहे, पत्र्यापत्र्यांनी सुटणारा काळपट पाटीचा दगड. मग धोंड्यांकडे वळा. त्यांत ग्रॅनाइट आणि नाइस दिसतील: पांढरा फेल्स्पार, काचेसारखा करडा क्वार्ट्झ, उन्हात चमकणारा अभ्रक, नाइसमध्ये पट्टे. पसरणीच्या घाटात जे कधीच दिसलं नाही ते सगळं इथे एका दगडात असतं, आणि साताऱ्याची उजळणी केलेल्या माणसाला ते चटकन कळतं.

खोऱ्यातला प्रत्येक धोंडा हिमनदीचा नाही. दोन्ही बाजूंच्या उभ्या कड्यांवरून रोज दगड पडतात, नाले लोंढे आणतात. म्हणून कड्याच्या पायथ्याचे आणि नाल्याच्या तोंडाशी पसरलेले धोंडे पहिल्या यादीतून वगळा. बघायचे ते हिमोढाच्या धारेवर बसलेले, किंवा खोऱ्याच्या मधल्या उंचवट्यावर, जिथे कड्यावरून घरंगळत येणं शक्य नाही असे. बडा शिग्री आणि छोटा शिग्री या हिमनद्या याच खोऱ्याला मिळतात. बडा शिग्रीच्या तोंडाकडचा दगडगोटा दुरून पाहिला तरी बर्फ किती माल वाहतो याचा अंदाज येतो. हिमनदीच्या अंगावर गाइडशिवाय जाऊ नका.

धोंड्याचं अंग हाताने चाचपून बघा. तळाशी घासत आलेला असेल तर एक-दोन सपाट पैलू आणि बोथट कडा असतात. अंगावर बसून आला असेल तर कडा धारदारच राहतात. दोन्ही हिमनदीचेच. बारीक पोताच्या दगडावर ओरखडे टिकतात, दाणेदार ग्रॅनाइटवरचे लवकर झडतात. म्हणून ग्रॅनाइटवर ओरखडे नाहीत एवढ्यावरून तो बाद करू नका.

वजनाचा अंदाज काढायला मुलांना फार आवडतं. लांबी, रुंदी, उंची मीटरमध्ये गुणा, ओबडधोबड आकारासाठी ०.६ ने गुणा, आणि ग्रॅनाइट असेल तर २.७ ने. ४ बाय ३ बाय २ मीटरचा धोंडा सुमारे ३९ टन भरतो.

८. नोंद अशी करा

धोंड्याची नोंद त्याच्या उगमाशी जोडता आली तर तिचं मोल वाढतं. स्कॉटलंडजवळच्या आयल्सा क्रेग बेटावर निळसर ठिपक्यांचा एक बारीक पोताचा ग्रॅनाइट आहे. त्याचे गोटे आयरिश समुद्राच्या दोन्ही काठांवर, वेल्सपर्यंत सापडतात. बेट एकच, म्हणून प्रत्येक गोटा बर्फ कुठून कुठे गेला याची एक रेघ नकाशावर ओढून देतो. तुम्हीही धोंड्याची जात आणि वरच्या कुठल्या नाळेत तो खडक दिसतो, हे दोन्ही लिहा.

प्रत्येक धोंड्यासाठी एक पान: जागेचे अक्षांश-रेखांश आणि उंची, धोंड्याची जात, खालच्या कातळाची जात, तिन्ही मापं, कडा आणि पैलू, ओरखडे असल्यास त्यांची दिशा, भोवतालचं रेखाचित्र. पाच प्रश्नांची उत्तरंही लिहा, नाही असं उत्तर असलं तरी. फोटो दोन घ्या: एक पेन ठेवून जवळून, आणि एक लांबून, ज्यात मागचा डोंगर येईल. दुसरा फोटो बहुतेक जण विसरतात, आणि त्याशिवाय धोंडा घरंगळून आला की नाही हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

धोंड्याच्या माथ्यावर छिन्नीने काढलेला चौकोनी खड्डा दिसला तर तो बहुधा शास्त्रज्ञांनी घेतलेल्या नमुन्याचा. दगड उघड्यावर आल्यापासून अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे क्वार्ट्झमध्ये बेरिलियम या मूलद्रव्याचं एक रूप, बेरिलियम-१०, साचत जातं, आणि ते मोजून बर्फ तिथून कधी हटला हे काढतात. त्यासाठी वरचे काही सेंटिमीटरच कामाचे असतात, आणि उंच, न हललेले धोंडे निवडतात, कारण बुटके धोंडे मातीत किंवा बर्फात झाकलेले राहिलेले असू शकतात. म्हणून अशा धोंड्याच्या माथ्यावर नाव कोरू नका, रंग मारू नका, उतरंडी रचू नका, चूल पेटवू नका. तुकडाही पिशवीत घालू नका. चंद्रतालचा परिसर संरक्षित आहे.

नकाशावरचे ठिपके त्याच संध्याकाळी मुक्कामावर टाका. दोन दिवस गेले की कुठला फोटो कुठल्या धोंड्याचा हे ओळखू येत नाही, आणि खोऱ्यात परत जायला पुढचा जून उजाडावा लागतो.